पुढील शिक्षणासाठी

एप्रिल महिना उजाडला की घरोघर बेगमीची धांदल सुरू होते. गच्चीवर कुरडया-पापड वाळत पडतात, मिरच्यांची देठं काढून त्या कांडपाला जातात, गव्हाला ऊन दाखवून तो डब्यांत भरला जातो. आम्हा प्राथमिक शिक्षिकांच्या घरीही हे सारं असतंच. पण त्याच दिवसांत आमची दुसरी एक बेगमी शाळेत चाललेली असते. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालावा, तर नेमकी तिसऱ्या दिवशी वरून निकालपत्रकांची मागणी येणार! माझ्या सासूबाई होत्या तोवर त्या चीक ढवळायच्या आणि मी शेजारी पाट टाकून बेरजा करायची. ‘तुझ्या बेरजा एकदा सोडून दोनदा करता येतील, चिकात गाठ झाली तर ती नाही निघायची,’ असं त्यांचं म्हणणं. तेही खरंच होतं म्हणा!

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नगरपालिकेच्या शाळेत मी सत्तावीस वर्षं शिकवते आहे. शाळा पहिली ते चौथी. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, परीक्षा झाली, पेपर तपासले, निकाल लावला, की बाई मोकळ्या! माझ्या नणंदेलासुद्धा अजून तसंच वाटतं. तिला मी एकदा कामांची यादीच वाचून दाखवली. वर्षभराच्या हजेरीची बेरीज आणि सरासरी. पोषण आहाराच्या तांदळाचा आणि मुगाचा ताळा, म्हणजे आला किती, शिजला किती, पोत्यात उरला किती. जडवस्तू रजिस्टरात खुर्च्या, फळे, घंटा, सतरंज्या मोजून लिहायच्या. त्यात एक सतरंजी दर वर्षी सापडत नाही आणि शेवटी ती शिपाईमावशींच्या खोलीत निघते. मुलांनी नीट वापरलेली पुस्तकं परत गोळा करायची. वाडीवस्तीवर फिरून सहा वर्षांची झालेली मुलं शोधायची आणि पहिलीत घालण्याविषयी त्यांच्या आईबापांच्या मागे लागायचं. शिवाय हल्ली हे सगळं कागदावर लिहून झालं की पुन्हा संगणकावर भरायचं. नणंद म्हणाली, ‘पुरे बाई, मला घरच बरं!’

या सगळ्यात माझं आवडतं काम म्हणजे प्रगतिपुस्तकातल्या नोंदी. तुमच्या-माझ्या लहानपणी प्रगतिपुस्तक म्हणजे नुसते आकडे असायचे, आणि नापास विषयाखाली लाल रेघ. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्यानंतर आमच्याकडे श्रेणी आल्या. अ-१, अ-२, ब-१ अशा. लहान वर्गांत नापास करणं बंद झालं. आपल्या राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली आहे, पण पहिली ते चौथीला अजून तो धाक नाही. श्रेणीच्या शेजारी मुलाविषयी दोन-तीन ओळी लिहायच्या असतात. ‘गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगते.’ ‘वजाबाकीत हातचा घेताना अडखळतो.’ ‘इतरांना मदत करते.’ चाळीस मुलं असली तरी मी नोंद एकसारखी लिहीत नाही. डोळ्यांसमोर ते पोर आणायचं आणि मग लिहायचं. पण निकालाच्या दिवशी आई येते, प्रगतिपुस्तक उघडते आणि विचारते, ‘बाई, नंबर कितवा?’ नंबर नाही म्हटलं की तिचा चेहरा पडतो. वाण्याने वजन न करताच साखर दिली, असं काहीसं तिला वाटत असावं!

निकाल बहुतेक शाळांतून १ मेला, महाराष्ट्र दिनी लागतो. सकाळी झेंडावंदन, मग वर्गावर्गांतून निकाल. पहिली-दुसरीची मुलं पेढे, चॉकलेटं देऊन, ‘बाई, टाटा!’ करून पळतात. त्यांना ठाऊक असतं, जूनमध्ये पुन्हा याच दारातून यायचं आहे. खरी ताटातूट असते ती चौथीची. निरोप समारंभ आठवडाभर आधी झालेला असतो. मुलींनी आयांच्या साड्या नेसलेल्या असतात, भेळ होते, एखादी बोलता बोलता रडते आणि मग सगळा वर्ग रडतो. त्यानंतर उरतात ते दाखले.

शाळा सोडल्याचा दाखला तुम्ही कधी निवांत वाचला आहे का? वाचून पाहा. मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मगाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. जुनं जनरल रजिस्टर उघडलं तर पानंच्या पानं ‘१ जून’ जन्मलेल्या मुलांनी भरलेली दिसतात. आईला एवढंच आठवायचं की पोर पेरणीच्या सुमाराला झालं, आणि गुरुजी शाळेच्या हिशेबाने १ जून टाकून मोकळे व्हायचे. आजही सत्तरीचे आजोबा कसल्याशा कामासाठी जुना उतारा मागायला येतात आणि आपला ‘सरकारी वाढदिवस’ सांगून हसतात. पुढे रकाना येतो ‘वर्तणूक’. तिथे आम्ही ‘चांगली’ असंच लिहितो. कंपासपेटीत बेडूक घालून आणणाऱ्याचीही चांगली! आणि शेवटाकडे रकाना असतो ‘शाळा सोडण्याचे कारण’. तिथे चौथीच्या प्रत्येक मुलामुलीपुढे आम्ही दोन शब्द लिहितो, ‘पुढील शिक्षणासाठी’.

चाळीस दाखले लिहायचे तर हे दोन शब्द चाळीस वेळा लिहावे लागतात. हात आपोआप चालतो. पण इतकी वर्षं झाली तरी एखाद्या नावापाशी माझं पेन अडतं. ही मुलगी खरंच पुढच्या शाळेत जाईल ना?

तुम्ही म्हणाल, आता कुठे असं राहिलं आहे? पूर्वी गोष्ट वेगळी होती. खरं आहे, पूर्वीपेक्षा दिवस फारच बरे आहेत. मी नोकरीला लागले तेव्हा मागास घटकांतल्या गरीब मुलींना, जितके दिवस हजेरी तितके रुपये, असा दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता मिळायचा. १९९२ साली ती योजना आली होती. तेवढ्या रुपयांसाठी आया अंगठा उठवायला यायच्या, आणि त्या रुपयाने खरंच काही मुली शाळेत टिकल्या. आता आठवीपर्यंत पुस्तकं मिळतात, दुपारचं जेवण मिळतं, अंगठा उठवणारी आई तर क्वचितच भेटते. सहा ते चौदा वयाच्या मुलांचं शिक्षण हा कायद्याने हक्क झाला. मग अडतं कुठे? सांगू का? पुष्कळदा अडतं ते घरच्या वेळापत्रकात.

२०२३ च्या एप्रिलातली गोष्ट. माझ्या वर्गात एक मुलगी होती. हुशार म्हणावी अशी, पण त्याहून जास्त म्हणजे ठाम. फळ्यावर माझी चूक झाली की ‘बाई, तिथं काना ऱ्हायला’ म्हणून उभी राहायची. आई चार घरची धुणीभांडी करणारी, वडील बांधकामावर बिगारी. निरोपाची भेळ झाली, बाकीच्या आया दाखला कधी मिळेल ते विचारून गेल्या. हिच्या आईचा पत्ता नाही. दाखला मागायला न येणारी आई दिसली की मला धास्ती वाटते. मी निरोप धाडला. बाई आल्या, दारातच उभ्या राहिल्या.

‘बाई, दाखला ऱ्हाऊ द्या. तिला आता घरीच ठिवायची.’

‘का हो? पैशांची अडचण आहे का?’

‘पैशाचं न्हाई. हायस्कुलाला फी न्हाई ते ठावं हाय मला. पर बारकं पोरगं दोन वर्साचं हाय. मी कामावर गेल्यावर त्याला बघायचं कुणी? हितं सकाळची शाळा हुती, ती दुपारी घरी असायची. हायस्कूल अकरा ते पाच.’

त्या रडत नव्हत्या की तक्रार करत नव्हत्या. हिशेब मांडावा तसं त्यांनी सांगितलं, आणि त्या हिशेबात मला चूक काढता येईना. अंगणवाडीत मूल तिसऱ्या वर्षी घेतात. म्हणजे अजून वर्ष काढायचं. ‘एक वर्स जाऊ द्या, मग घालू की पाचवीत,’ असं त्या म्हणत होत्या. पण मैत्रिणींनो, असं एक वर्ष घरी राहिलेल्या मुलीचं पुढे काय होतं ते मी पाहिलेलं आहे. वर्षाने ती भाकरी करायला लागते, आईच्या हाताखाली एखादं घर धरते, वर्गातल्या मैत्रिणी पुढे गेलेल्या असतात, त्यांच्यात जायची तिला लाज वाटते. मग कुणी तिला ‘जाऊ नको’ म्हणावं लागत नाही.

मी त्यांना बाकावर बसवलं आणि उरलेल्या उत्तरपत्रिकेच्या पाठकोऱ्या कागदावर त्यांचा दिवस लिहून काढला. सकाळी सात ते साडेदहा दोन घरं. तोवर मुलगी घरी, बाळ तिच्यापाशी. ही वेळ बिनघोर. संध्याकाळी साडेपाचनंतर मुलगी पुन्हा घरी. अडचण होती ती फक्त दुपारी एक ते चार या वेळातल्या दोन घरांची. एवढ्याशा तीन तासांसाठी मुलीची शाळा सुटणार होती!

त्यातलं एक घर निवृत्त नवराबायकोचं. त्या आजींनी ऐकताक्षणी सांगितलं, ‘अगं, बाळाला घेऊन येत जा की! ओटीवर खेळेल, आमचाही वेळ जाईल.’ दुसरं घर आमच्याच गल्लीतल्या वहिनींचं. त्यांना जरा जड गेलं. पुरणावरणाचं घर, दुपारी पाचसात माणसं जेवणारी. ‘दुपारची खरकटी भांडी संध्याकाळपर्यंत तशीच ठेवायची? मुंग्या लागतील, वास येईल,’ असं त्यांचं म्हणणं. आता यात त्यांचं काही चुकत होतं असंही नाही. स्वयंपाकघर आवरल्याशिवाय आपल्यालाही दुपारी आडवं व्हावंसं वाटत नाही. मी त्यांना एवढंच सांगितलं, ‘वहिनी, ३ जानेवारीला सावित्रीबाई झालेली मुलगी आठवते का? तिला साडी तुम्हीच दिली होती.’ वहिनी काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘म्हणजे ती आमच्या बाईंची का! बरं, भांडी विसळून पाण्यात घालून ठेवीन मी. सहाला ये म्हणावं.’

नवऱ्याचा होकार तेवढा राहिला होता. तो म्हणे, ‘खर्च न्हाई, काम सुटत न्हाई, तर जाऊ दे तिला.’ एवढंच. भाषण नाही की काही नाही. मी दाखला लिहिला. कारणाच्या रकान्यात तेच दोन शब्द, पण त्या दिवशी ते लिहिताना माझं पेन अडलं नाही.

हल्ली एक बरं आहे. मूल नव्या शाळेत गेलं की त्या शाळेकडून आमच्याकडे संगणकावर त्याच्या नावाची विनंती येते, ती आम्ही मंजूर केली की नाव तिकडे जातं. त्यामुळे जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी रोज ती यादी पाहते. कोणाकोणाची विनंती आली, कोणाची नाही. आमच्या मुलीची विनंती पहिल्याच आठवड्यात आली. तो दिवस मला कुणाच्या अ-१ श्रेणीपेक्षा मोठा वाटला. आज ती हायस्कुलात आहे आणि रस्त्यात भेटली की लांबूनच ‘बाई!’ म्हणून हाक मारते. तिचा भाऊ आता आमच्याच शाळेच्या वाटेवर आहे.

सगळ्यांचं असं होत नाही. आमच्या कपाटात आजही न नेलेले काही दाखले आहेत. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांची मुलं चार-सहा महिने वर्गात बसतात आणि पट्टा पडला की निकालाआधीच गाडी भरून गावी जातात. त्यांचं वर्ष आमच्या परीक्षेने संपत नाही, कारखान्याच्या भोंग्याने संपतं. २०२० साली तर मार्चमध्येच शाळा बंद झाल्या. पहिली ते आठवीच्या मुलांना परीक्षेवाचून वरच्या वर्गात घातलं. त्या वर्षी भेळ नाही, रडारड नाही, १ मेचा निकाल नाही. कुणाची पाचवी मोबाइलवर सुरू झाली आणि कुणाच्या घरी तेवढा मोबाइलही नव्हता. त्या वर्गातली काही नावं अजून माझ्या डोक्यात आहेत.

सावित्रीबाई आमच्याच जिल्ह्यातल्या, खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. ३ जानेवारी १८३१ चा त्यांचा जन्म. लग्न होऊन सासरी आल्यावर त्या लिहायला-वाचायला शिकल्या, आणि १८४८ साली पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. त्यांच्या वाटेत शेणगोळे होते. आपल्या वाटेत काय आहे, तर दुपारची भांडी आणि दोन वर्षांचं बाळ! ही अडचण दूर करायला थोर असावं लागत नाही. शेजारपाजारच्या दोन-तीन बायकांनी आपापली वेळ अर्धापाऊण तास इकडेतिकडे केली तरी भागतं.

म्हणून या सुट्टीत मला तुमच्याकडून थोडं काम हवं आहे. आधी स्वतःच्या घरचं सांगते. निकाल हाती आला की श्रेणीच्या आधी बाईंनी लिहिलेली नोंद वाचा, आणि तीही मुलाला जवळ घेऊन. दाखला हाती पडला की नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख तिथल्या तिथे जन्मदाखल्याशी ताडून पाहा. शाळा सोडल्यावर दुरुस्ती करून घेणं फार जिकिरीचं होतं. त्याच्या दोन-चार झेरॉक्स काढा आणि मूळ दाखला रेशनकार्डाच्या पिशवीत न कोंबता वेगळा ठेवा. वह्यांची कोरी पानं काढून जाड दोऱ्याने शिवली की सुट्टीतली शुद्धलेखनाची वही फुकटात होते. सुस्थितीतली पुस्तकं शाळेत परत द्या.

आणि आता दुसऱ्याच्या घरचं. तुमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाई, इस्त्रीवाल्याची बायको, गवंड्याबरोबर आलेली मजूर बाई, यांपैकी कुणाची मुलगी चौथीत होती का, ते आठवा. नसेल ठाऊक तर विचारा. ‘चौथी झाली का? दाखला आणला का? पाचवीत नाव घातलं का?’ एवढे तीन प्रश्न पुरतात. दाखला मिळाला नाही म्हणून थांबलो असं कुणी म्हणालं, तर सांगा की दाखला मागाहून आला तरी चालतो, त्यासाठी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. कायद्यातच तसं आहे. शाळा लांब आहे म्हणालं, तर खेड्यापाड्यांतल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना एस.टी.चा पास मोफत मिळतो हे सांगा. आणि ‘बाळाला कोण बघणार?’ असं म्हणाल्या, तर मात्र सांगून भागायचं नाही; आपली दुपारची भांडी कधी घासली जातात ते घड्याळ एकदा पाहावं लागेल.

दाखल्यावर ‘पुढील शिक्षणासाठी’ असं आम्ही बाया लिहितोच. पण आमच्या शाईने ते खरं होत नाही. ते खरं ठरतं १५ जूनच्या आसपास, सकाळी अकराच्या आत, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात.